चार महिने, एकवीस साईट व्हिजिट आणि ‘वाकड अॅनेक्स’ : पुण्यातल्या एका प्रॉपर्टी एजन्सीचा रिव्ह्यू (५ पैकी २ स्टार)

आधीच सांगतो, एजन्सीचं नाव टाकत नाहीये. एक तर त्यांच्याकडचा एक पोरगा मला आवडला आणि माझ्या रिव्ह्यूमुळे त्याला ऑफिसात ऐकून घ्यावं लागावं अशी इच्छा नाही. दुसरं कारण शेवटी येईल, ते जरा माझ्याच अंगाशी येणारं आहे. पण पुण्यात गेल्या दोन-तीन वर्षांत ज्याने फ्लॅट शोधलाय त्याला नाव लागणारच नाही, कारण मी जे लिहितोय ते थोड्याफार फरकाने सगळीकडे तसंच चालतं असं आता माझं मत झालंय.

तर परिस्थिती अशी. आमचा धायरीला वन बीएचके, २०१५ ला घेतलेला. मुलगी आता दुसरीत, आबा कोरेगावहून येऊन-जाऊन असतात आणि आले की हॉलमध्ये गादी टाकून झोपतात, त्यांना ते चालतं पण आम्हाला चालत नाही. माझं ऑफिस हिंजवडी फेज वन, बायकोची शाळा कर्वेनगरला. बजेट सगळं धरून पंचाहत्तर, म्हणजे स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, सगळं. एका जाहिरातीखालच्या फॉर्ममध्ये नंबर टाकला ही माझी चूक, त्या दिवशी रात्री नऊपर्यंत अकरा फोन, त्यातले चार एकाच एजन्सीतून वेगवेगळ्या माणसांचे, आणि त्यातल्या दोघांना माहीतच नव्हतं की बाकीच्या दोघांनी मला आधी फोन केलाय. हीच ती एजन्सी.

जाहिरात होती ‘वाकडमध्ये प्रशस्त २ बीएचके, फक्त ६५ लाख*’. स्टार इतका बारीक होता की मला वाटलं मोबाईलच्या स्क्रीनवर काहीतरी चिकटलंय. रविवारी सकाळी गाडी पाठवली, एसी गाडी, पाण्याची बाटली, सगळं व्यवस्थित, त्याबद्दल तक्रार नाही. गाडी वाकडवरून पुढे गेली. हायवेखालून गेली, ताथवडे गेलं, मी म्हटलं अहो वाकड मागे राहिलं. तर सोबत आलेला एजन्सीचा तो पोरगा म्हणाला, “सर, हे वाकड अॅनेक्स.” म्हणजे पुनावळे! पुनावळ्याला काय वाईट आहे हो, चांगलं गाव आहे, पण मग पुनावळे लिहा ना. गावाला स्वतःचं नाव असताना शेजारच्या गावाच्या नावाने ओळख करून द्यायची म्हणजे लग्नात मुलाची ओळख ‘अमक्याचा मेव्हणा’ म्हणून करून देण्यासारखं झालं.

ही अॅनेक्सची गंमत पुण्यात नवीन नाही म्हणा. महंमदवाडीचं एनआयबीएम अॅनेक्स कधीच झालंय, सूस-म्हाळुंगे म्हणजे बाणेर अॅनेक्स, वाघोलीकडे गेलात की न्यू खराडी, आणि मुंबईवाल्यांचं तर अप्पर ठाणे भिवंडीच्या हद्दीत निघतं. आबा गाडीत मागे बसले होते ते म्हणाले, मग आपलं कोरेगाव सातारा अॅनेक्स म्हणायचं का. पोरगा पण हसला.

पण नाव बदलण्यात नुसती गंमत नसते, नाव बदललं की त्या नावाला चिकटलेल्या बातम्या पण सुटतात. पुनावळ्यातच कचरा डेपोचं आरक्षण किती वर्षं होतं, २०२३ मध्ये तिथले लोक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. ज्याने ‘पुनावळे’ असं सर्च केलं असेल त्याला त्या काळात ही बातमी दोन मिनिटांत मिळाली असती, ज्याने ‘वाकड अॅनेक्स’ केलं त्याला स्विमिंग पूल मिळाला असता.

सॅम्पल फ्लॅटबद्दल मात्र नीट लिहितो कारण तिथे आबांनी कमाल केली. सॅम्पल फ्लॅट अप्रतिम, मंद पिवळे दिवे, कसला तरी वास मारलेला, सोफ्यावर उशा, डायनिंग टेबलावर खोटी फळं. मुलगी धावत जाऊन बेडवर पडली आणि मी आणि बायको पण मनातल्या मनात तिथे राहायला लागलो होतो खोटं कशाला बोलू. आबांनी खिशातून टेप काढली. ते शेतातल्या शेडसाठी टेप खिशातच ठेवतात. बेड मोजला तर लांबी साडेपाच फूट! आबा स्वतः पाच फूट दहा. त्यांनी फ्लॅट दाखवणाऱ्या मॅडमना विचारलं, “ताई, हितं झोपायचं असंल तर पाय कुठं ठिवायचं?” मॅडम म्हणाल्या हे फक्त रिप्रेझेंटेशनसाठी आहे काका. मग आबांनी दरवाजे कुठे आहेत विचारलं. खरंच की, बेडरूमला आणि बाथरूमला दरवाजेच लावले नव्हते, नुसत्या चौकटी, एका ठिकाणी तर भिंतीच्या जागी काच होती. दरवाजा नसला की तो उघडायला लागणारी जागा दिसत नाही, भिंत काचेची असली की खोली दुप्पट वाटते, कपाट सव्वा फूटच खोल होतं त्यात हँगर आडवा बसणार नाही. खऱ्या बेडने खोली भरली असती आणि कपाट उघडताना बेडवर चढावं लागलं असतं. बाहेर एका कोपऱ्यात बोर्ड होता, की फर्निचर व सजावट विक्रीचा भाग नाही. बरोबर आहे, फर्निचर विकत नाही तुम्ही, पण त्या फर्निचरने जागा किती मोठी आहे ते तर सांगताय ना आम्हाला.

मग आला एरिया. जाहिरातीत ‘७८० युझेबल कार्पेट’. हा युझेबल शब्द कायद्याच्या व्याख्येतून उचलून भलतीकडेच चिकटवलेला आहे. रेराच्या, म्हणजे बिल्डर-एजंटांना नियम लावणाऱ्या २०१६ च्या कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या स्पष्ट दिलीये, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरायची नाही. मी रात्री महारेराच्या (हा कायदा राज्यात राबवणारी सरकारी यंत्रणा) साईटवर प्रोजेक्ट काढला, तिथे चौरस मीटरमध्ये असतं, ६१.५ होतं, गुणिले १०.७६४ केलं तर ६६२ चौरस फूट. उरलेले ११८ कुठून आले? बाल्कनी ८४ आणि ड्राय बाल्कनी ३४. बरोब्बर ७८०. म्हणजे खोटं कोणीच बोललेलं नाही! बाल्कनी युझेबल आहेच की, कपडे वाळत घालतोच आपण. पण ६६२ लिहिलं असतं तर मी तो फोन उचलला असता का, नसता, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहितीये.

आता त्या ६५ लाखांच्या स्टारकडे येऊ. कॉस्ट शीट मागितली तर आधी म्हणे मॅनेजर देतील, मग म्हणे बुकिंग करताना देतो, शेवटी व्हॉट्सअॅपवर एक तिरका काढलेला फोटो आला. ६५ ही दुसऱ्या मजल्याची बेस प्राईस, आम्हाला आठवा दाखवलेला त्याचं फ्लोअर राईज ३, इन्फ्रा चार्जेस ३, झाले ७१. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के म्हणजे ३ लाख ५५ हजार, स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस धरून ७ टक्के म्हणजे ४ लाख ९७ हजार (बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर १ टक्का सुटतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आमचं आम्ही शोधलं), रजिस्ट्रेशन ३० हजार, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ १ लाख ६०. बेरीज ८१ लाख ४२ हजार. सोळा लाखांचा स्टार! टॅक्स काय त्यांच्या खिशात जात नाही हे मान्य, ते सरकारच घेतं, पण माझ्या खिशातून तर जातं ना, आणि मी फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं सगळं धरून पंचाहत्तर. त्यावर ‘हो सर नक्की बसेल’ असं उत्तर मिळालं होतं. काय बसेल? मी बसलो डोक्याला हात लावून.

पझेशन. जाहिरातीत डिसेंबर २०२६, महारेराच्या पानावर डिसेंबर २०२८. विचारलं तर म्हणे सर ते टार्गेट पझेशन आणि हे रेरा पझेशन. एका घराला दोन पझेशन. आता ॲग्रीमेंटमध्ये कुठली तारीख लागणार, तर २०२८ ची, आणि उशीर झाला म्हणून व्याज मागायचं तर ते पण त्याच तारखेनंतर. म्हणजे आपण २०२६ च्या भरवशावर ईएमआय आणि घरभाड्याचं गणित बसवायचं आणि पुढची दोन वर्षं दोन्ही भरत राहायचं, आणि तक्रार करायला गेलो तर कागदावर कोणीच चुकलेलं नाही. नवीन घरं बघणाऱ्यांनी बाकी काही नाही केलं तरी चालेल पण हे एक करा, जाहिरातीवरचा क्यूआर स्कॅन करून तारीख आणि कार्पेट ह्या दोन गोष्टी बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रोजेक्टच्या जाहिरातीत क्यूआर कोड टाकणं सक्तीचं केलंय, नाही टाकला तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. क्यूआर होता बरं का आमच्या जाहिरातीत. टिकलीएवढा. आणि ती जाहिरात व्हॉट्सअॅपवर सतरा वेळा फॉरवर्ड होऊन आलेली, तो कोड स्कॅन करायला गेलं की फोन नुसता गरगर फिरायचा. शेवटी पी ५२१ ने सुरू होणारा नंबर (पुणे जिल्ह्याचे बरेच नंबर असेच असतात) डोळे बारीक करून वाचला आणि हाताने टाकला.

बरं हा तर नंबर असलेला प्रोजेक्ट. एजन्सीच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर महिन्यातून दोनदा असले मेसेज यायचे की ‘टॉप बिल्डरचा नवीन टॉवर, प्री-लाँच रेट, ईओआय चालू, चेक आजच द्या, वटवणार नाही, रेरा अप्लाईड’. ईओआय म्हणजे फ्लॅट घ्यायची इच्छा आहे असं आधीच कळवून ठेवणं. ना बिल्डरचं नाव ना नंबर. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवरचा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा प्रोजेक्ट रजिस्टर झाल्याशिवाय त्याची जाहिरातच करता येत नाही, बुकिंग तर सोडाच, आणि रजिस्टर न झालेल्या प्रोजेक्टमधली विक्री एजंटने जमवून द्यायची नाही हे त्याच कायद्यात एजंटच्या कलमात लिहिलंय. अप्लाईड म्हणजे अर्ज केलाय. अर्ज तर मी पण म्हाडाला केला होता.

मी त्यांच्या टीम लीडरला एकदा फोनवर हे बोललो. तो माणूस गोड बोलणारा, रागावला नाही. म्हणाला सर आम्ही क्रिएटिव्ह (म्हणजे जाहिरातीचं चित्र-मजकूर) बनवत नाही, बिल्डरकडून येतं ते आम्ही पुढे पाठवतो. हे अर्धसत्य आहे, कारण ‘वाकड अॅनेक्स’वाली रील त्यांच्याच ऑफिसातल्या मुलीने केलेली, मागे गाणं लावून, आणि त्यात क्यूआर कापला गेलेला. आणि ह्यात मेख अशी आहे की खोट्या जाहिरातीवर किंवा सॅम्पल फ्लॅटवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई बिल्डरने द्यायची असं कलम १२ म्हणतं, व्याजासकट पैसे परत मागून बाहेर पण पडता येतं, चांगलं कलम आहे. पण रील एजंटची असली की बिल्डर म्हणतो आम्ही असं कुठे छापलं, एजंट म्हणतो आम्ही फक्त चॅनल पार्टनर. एजंटला दंड आहे कायद्यात, दिवसाला १० हजार, फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महारेराने एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा पण लावलीये. ह्यांच्या ऑफिसात ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, गणपतीच्या फोटोशेजारी.

नदीकाठच्या एका प्रोजेक्टचा किस्सा सांगतो मग रिसेलकडे जातो. ‘रिव्हर व्ह्यू, निसर्गाच्या कुशीत’. सिंहगड रोडवाल्या माणसाला रिव्हर व्ह्यू म्हटलं की पोटात गोळा येतो हो, २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरीत सोसायट्यांच्या आत पाणी, लोकांना बोटीने काढलं, आमच्या घरापासून असं कितीसं लांब ते. मी विचारलं हा प्लॉट ब्लू लाईनच्या आत आहे का बाहेर. तर दाखवायला आलेली मुलगी म्हणाली, “सर, मेट्रोची पर्पल आणि अॅक्वा लाईन आहे, ब्लू माहीत नाही.” तिचा काही दोष नाही, तिला कोणी शिकवलंच नसणार. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. ब्रोशरमध्ये नदीच्या पाण्याचा रंग मात्र काय निळा होता. मुठेला तसा रंग मी जन्मात बघितला नाही. (मेट्रोवरून आठवलं, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ ला झालं, रुळ टाकायच्या आधीपासून ती जाहिरातींमध्ये ‘५ मिनिटांवर’ धावतीये.)

रिसेलमध्ये तर कोणाचा कोणाला पायपोस नाही, क्यूआर नाही, नंबर नाही, फोटो कोणाचा आणि फ्लॅट कोणाचा. पोर्टलवर ह्याच एजन्सीने टाकलेला कोथरूडचा २ बीएचके, ७२ लाख, बाल्कनीत तुळस, बाजूला निळी बादली, स्वच्छ फरशी. कोथरूडला ७२ मध्ये म्हणजे शंका यायला पाहिजे होती पण गरजवंताला अक्कल नसते. फोन केला तर अर्ध्या तासापूर्वीच टोकन झालं सर, पण तसाच दुसरा दाखवतो, ९५. तीन आठवड्यांनी वारज्याच्या एका जाहिरातीत तीच तुळस आणि तीच निळी बादली, ६८ लाख. मी मुद्दाम फोन केला. आत्ताच टोकन झालं. पुढच्या महिन्यात ती बादली बावधनला पोचली. बायको म्हणाली ह्या बादलीला आपल्याआधी घर मिळणार.

आणि भाड्याच्या जाहिरातींचं एक राहिलंच, आम्ही मधे दोन महिने भाड्याने पण बघत होतो. जाहिरातीत काही लिहिलेलं नसतं, फोनवर मात्र पहिला प्रश्न ‘सर तुम्ही व्हेज ना?’ आणि दुसरा प्रश्न आडनाव. आडनाव सांगून झालं की एक सेकंद थांबतात, त्या एका सेकंदात काय चाललंय ते आपल्याला कळतं. आम्हाला त्यातून दोन ठिकाणी नकार आला, मटणावरून. माझ्या टीममधल्या एका मित्राला सात ठिकाणी आला, त्याचं आडनाव शेख आहे. त्याला तर एका एजंटने सांगितलं तुम्ही ‘कॉस्मो’ (म्हणजे कुठल्याही जातीधर्माचे चालतील) लिहिलेल्याच जाहिराती बघत जा म्हणजे आपला दोघांचा वेळ वाचेल. म्हणजे ज्या जाहिरातीत कॉस्मो लिहिलेलं नाही त्यात काय लिहिलंय ते बघा.

आता तो पोरगा. बीड जिल्ह्यातला, चोवीस-पंचवीसचा, बीएस्सी झालेला. साईट व्हिजिटला तोच यायचा. प्रोजेक्टच्या गेटच्या आत असेपर्यंत तो पण सगळं पाठ केलेलं बोलायचा, लोकेशन, अॅमेनिटी, अप्रिसिएशन. गाडीत परत बसलो की हळूच एखादं वाक्य टाकायचा. “दादा, इथं एकदा संध्याकाळी साडेसहाला येऊन बघा.” “दादा, टँकर किती येतात ते वॉचमनला विचारा, मला नका विचारू.” सर म्हणायचा ते गाडीत दादा व्हायचं, त्यावरून मी ओळखायला शिकलो की आता ऐकायचं. एकदा चहा पिताना मी विचारलं मग जाहिरातीत असं का टाकता, तर म्हणाला दादा एकदा मी खरं टाकून बघितलं होतं, पुनावळे, ६६० कार्पेट, सगळं धरून ऐंशी. चार दिवसांत दोन फोन. तेच वाकड अॅनेक्स टाकलं तर दिवसाला तीस. त्यांना महिन्याला व्हिजिटचं टार्गेट, पगार बावीस हजार, बाकी इन्सेंटिव्ह. बिल्डर एजन्सीला तीन टक्के देतो, कुठे चार, आणि जिथे चार मिळतात तेच प्रोजेक्ट आधी दाखवायचे. म्हणजे जाहिरातीत जे ‘झिरो ब्रोकरेज’ लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं वा, फुकट फिरवतायत, ते हेच. पैसे दुसऱ्याने दिलेत त्यामुळे माणूस पण दुसऱ्याचा. मला ह्यात चीड येते ती तीन टक्क्यांची नाही, घ्या ना, मेहनत करता. चीड ह्याची की हे जाहिरातीत ग्राहकावर उपकार म्हणून लिहिलं जातं.

शेवटी घर मिळालं ते ह्याच पोराने दाखवलं. वारज्यात, रिसेल, अकरा वर्षं जुनी बिल्डिंग, वरचा मजला, आणि गंमत म्हणजे त्या फ्लॅटची जाहिरातच नव्हती. फोटो चांगले येत नाहीत म्हणून ऑफिसने टाकली नव्हती! बेडरूमच्या छताला ओल होती. दार उघडायच्या आधी जिन्यातच त्याने सांगितलं, दादा आत डाग आहे, गेल्या पावसाळ्यात सोसायटीने वॉटरप्रूफिंग केलंय पण अजून एक पावसाळा गेल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. आबांनी टेप काढून सगळं मोजलं, छताला हात लावायला स्टूल मागितलं, आणि डागाचे दीड लाख कमी करून घेतले. एजन्सीला आम्ही एक टक्का ब्रोकरेज दिलं, न कुरकुरता. कागदपत्रं, बँकेचं लोन, सोसायटीची एनओसी, सब-रजिस्ट्रारकडचं टोकन, हे काम त्यांनी खरोखर चोख केलं, एकही जास्तीची चक्कर पडली नाही. म्हणून एक स्टार कागदपत्रांचा आणि एक त्या पोराचा. जाहिरातींना शून्य.

इथे रिव्ह्यू संपायला पाहिजे होता.

पण धायरीचा वन बीएचके भाड्याने द्यायचा होता, आणि मी तो ह्याच एजन्सीला दिला, कारण चांगलं काम केलं होतं ना. दोन दिवसांनी त्यांनी लिंक पाठवली. ‘सिंहगड रोड प्राईम! प्रशस्त, हवेशीर १ बीएचके, सिंहगड व्ह्यू, कव्हर्ड पार्किंग, २४ तास पाणी’. फोटोत आमचा हॉल इतका मोठा दिसत होता की मला वाटलं लिंक चुकली. धायरी हा शब्दच नाही. सिंहगड दिसतो, खोटं नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डावीकडे मान काढली आणि हवा स्वच्छ असली तर टीव्ही टॉवर दिसतो. पार्किंग कव्हर्ड आहे, पण एकच आणि ते आम्ही शेजारच्या कुलकर्णींबरोबर महिना-महिना वाटून घेतो. पाणी चोवीस तास असतं, टाकीत. टाकीत टँकर टाकतो, उन्हाळ्यात त्याचे मेंटेनन्सवर वेगळे पैसे.

बायकोने वाचलं आणि म्हणाली, आपलं घर एवढं छान होतं तर आपण चार महिने उन्हातान्हात कशाला फिरलो? मी म्हटलं सांगतो त्यांना बदलायला. त्या दिवशी ऑफिसमध्ये काम होतं. दुसऱ्या दिवशी नऊ फोन आले. मग मी म्हटलं रविवारपर्यंत राहू दे.

रविवारी एक जोडपं आलं, लातूरचं, नुकतंच लग्न झालेलं, मुलगा आयटीत ट्रेनी, दुचाकीवर नऱ्हेवरून आले होते. तोच पोरगा घेऊन आला. घर बघून झालं, मुलीने बाथरूमचा नळ सोडून बघितला, मग स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, “काका, पाणी खरंच चोवीस तास असतं का?” काका म्हणाली त्याचं एक वेगळंच दुःख. मी त्या पोराकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता, आणि गाडीत नव्हतो आम्ही, त्यामुळे तो सरच म्हणणार होता.

मी टँकरचं सांगितलं. पार्किंगचं सांगितलं नाही, म्हटलं दुचाकी तर आहे त्यांच्याकडे. ती दोघं विचार करून सांगतो म्हणून गेली, त्याला आठवडा झाला.

जाहिरात मी बदलायला सांगितलीये, व्हॉट्सअॅपवर, दोन निळ्या टिक आल्यात. अजून तशीच आहे. बदलली तर तिसरा स्टार देईन, आणि मग कुलकर्णींच्या पार्किंगचं पण त्यात टाका म्हणून सांगेन.